आर्थर कॉटन

सर आर्थर थॉमस कॉटन (जन्म : १५ मे १८०३, मृत्यू : २४ जुलै १८९९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अभियंता अधिकारी आणि एकोणिसाव्या शतकातील दक्षिण भारताच्या सिंचनकार्याचे एक प्रमुख शिल्पकार होते. कोल्लिडम नदीवरील दोन बंधारे व गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या मुखाशी दवळेश्वरम येथे बांधलेला बंधारा ही त्यांची मुख्य कामे होत. कृष्णा नदीवरील विजयवाडा येथील बंधाराही त्यांच्याच विचारसरणीतून उभा राहिला. आंध्र प्रदेशाच्या गोदावरी जिल्ह्यांत त्यांचे नाव आजही कृतज्ञतेने घेतले जाते. अभियांत्रिकीच्या इतिहासात मात्र त्यांचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. ज्या नदीच्या पात्रात खडक हाती लागत नाही, केवळ वाळूच लागते, तेथे बंधारा उभारणे शक्य आहे, आणि बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा जोर पायथ्याशीच जिरवला तर तो टिकतोही, हे त्यांनी मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. ही विद्या त्यांनी इंग्लंडातून आणलेली नव्हती. ती त्यांना कावेरीच्या काठी, एका प्राचीन तमिळ बंधाऱ्यापाशी मिळाली.

पूर्वायुष्य

कॉटन यांचा जन्म इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील वुडकोट येथे झाला. हेन्री कॅल्व्हली कॉटन यांच्या अकरा पुत्रांपैकी ते दहावे. त्यांचे एक बंधू सिडनी कॉटन सेनानी म्हणून, तर दुसरे बंधू फ्रेडरिक कॉटन अभियंता म्हणून हिंदुस्थानातच नावारूपाला आले. वयाच्या पंधराव्या वर्षी आर्थर कंपनीच्या ॲडिसकम येथील लष्करी विद्यालयात दाखल झाले. १८१९ मध्ये त्यांना मद्रास अभियंता दलात अधिकारपद मिळाले. वेल्समध्ये काही काळ भूमापनाचे काम करून १८२१ मध्ये ते मद्रासला पोहोचले.

लवकरच त्यांची नेमणूक दक्षिण विभागातील तलाव खात्याकडे झाली. कोइंबतूर, मदुराई, तिरुनेलवेली, तिरुचिरापल्ली व तंजावर हा या विभागाचा विस्तार होता. भारत व श्रीलंका यांच्यामधील पांबन खाडी जहाजांसाठी खोल करता येईल काय, याची पाहणीही त्यांनी याच सुमारास केली. १८२४ ते १८२६ या काळातील पहिल्या ब्रह्मी युद्धात त्यांनी भाग घेतला. युद्धावरून परतल्यावर १८२८ मध्ये कावेरीच्या सिंचनाची तपासणी त्यांच्याकडे आली. त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली ती येथेच.

कावेरी, कोल्लिडम आणि कल्लणै

तिरुचिरापल्लीच्या वर श्रीरंगम बेटाच्या टोकाशी कावेरीचे दोन फाटे होतात. दक्षिणेकडचा फाटा कावेरी हेच नाव धारण करून तंजावरच्या भातशेतीला पाणी पुरवतो. उत्तरेकडचा फाटा म्हणजे कोल्लिडम; इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उल्लेख कोलेरून असा येतो. कोल्लिडमचा मार्ग सरळ आणि उतार अधिक. त्यामुळे पाण्याचा ओढा वर्षागणिक त्याच्याकडे वाढत गेला, तर कावेरीच्या मुखाशी वाळू साचू लागली. तंजावरच्या शेतांना मिळणारे पाणी घटत होते आणि कोल्लिडममधले पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता समुद्राला मिळत होते. हे असेच चालू राहिले असते तर शतकानुशतके भरभराटीला आलेला तंजावरचा प्रदेश कोरडा पडण्याची भीती होती.

श्रीरंगम बेटाच्या खालच्या टोकाशी हे दोन्ही फाटे पुन्हा एकमेकांच्या जवळ येतात. तेथे कावेरीचे पाणी कोल्लिडममध्ये निसटू नये म्हणून फार पूर्वी एक दगडी बंधारा घातलेला आहे. तोच कल्लणै. परंपरेनुसार तो चोळ राजा करिकाल याने बांधला. तमिळमध्ये कल म्हणजे दगड व अणै म्हणजे बांध. अणैकट्टू या शब्दावरूनच इंग्रजीत अनिकट हा शब्द रूढ झाला आणि इंग्रज अभियंत्यांनी कल्लणैला ग्रँड अनिकट हे नाव दिले.

कल्लणैचे बारकाईने निरीक्षण केल्यावर कॉटन यांना जे आढळले ते त्यांच्या शिक्षणाशी जुळणारे नव्हते. हा बंधारा खडकावर उभा नव्हता. ओबडधोबड दगड चिखलमातीत बसवून वाळूच्या पात्रावर रचलेली ती एक जडशीळ रास होती. तिची आखणी सरळ रेषेत नव्हती, ती सापासारखी वळणावळणाची होती. आणि माथ्यापासून खाली येणारी तिची पाठ सपाट नव्हती, तुटक पायऱ्यांसारखी अनियमितपणे उतरत गेलेली होती. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला हे अडाणी काम वाटले असते. कॉटन यांना मात्र या रचनेत विचार दिसला. दगड पात्रात आपल्या भाराने खचत गेले, त्यांवर पुन्हा दगड टाकले गेले, आणि शेवटी खचणे थांबले, असा त्या बांधकामामागचा क्रम असला पाहिजे हे त्यांनी ओळखले. वाळूत पाया कसा घ्यावा हे आपण एतद्देशीय बांधकाम करणाऱ्यांकडून शिकलो, हे ऋण त्यांनी पुढील लेखनात उघडपणे मान्य केले. त्या काळातील गोऱ्या अधिकाऱ्यांत हा मोकळेपणा विरळाच म्हणावा लागेल.

पडत्या पाण्याचा प्रश्न

कॉटन यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी बंधाऱ्याचा खरा शत्रू कोण हे ध्यानात घेतले पाहिजे. सामान्यतः समजूत अशी असते की, अडवलेले पाणी बंधाऱ्याला मागून ढकलते आणि त्या रेट्याने तो कोसळतो. ठेंगण्या बंधाऱ्याच्या बाबतीत असे क्वचितच घडते. धोका असतो तो माथ्यावरून ओलांडून पलीकडे पडलेल्या पाण्यापासून. वर अडवलेले पाणी संथ असते. खाली पडताना उंचीची शक्ती वेगात उतरते. बारा फूट उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग, घर्षण सोडून दिल्यास, पायथ्याशी सेकंदाला सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे ताशी तीस किलोमीटर होतो. नदीतली वाळू हलण्यास सेकंदाला अर्धा मीटर वेगही पुरतो. एका सेकंदाला केवळ एक घनमीटर पाणी या उंचीवरून पडत असेल, तर त्यात सुमारे ४८ अश्वशक्ती एवढे सामर्थ्य असते. गोदावरीच्या पुरात सेकंदाला हजारो घनमीटर पाणी वाहते. एवढे सामर्थ्य कुठेतरी खर्ची पडणारच. त्याची सोय अभियंत्याने केली नाही तर नदी स्वतः करते. ती पायथ्याची वाळू उकरून डोह पाडते, डोह मागे सरकत बंधाऱ्याच्या पायाखाली शिरतो आणि वरचे भक्कम बांधकाम आधाराविना खचते. वाहत्या पाण्याचे सामर्थ्य पाहायचे असेल तर मराठी वाचकाला दूर जावयास नको. निघोजजवळ कुकडी नदीने काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे पुरेसे बोलके आहेत. कातळाची ही गत, तर वाळूची काय कथा!

या सामर्थ्याचा पायथ्याशीच नाश करण्याला ऊर्जाशमन म्हणतात. पाण्याची ऊर्जा नष्ट होते म्हणजे ती खळबळीत, भोवऱ्यांत आणि अखेरीस अत्यल्प उष्णतेत रूपांतरित होते. त्यासाठी पाणी फुटले पाहिजे, आपल्यातच घुसळले गेले पाहिजे. पायऱ्यापायऱ्यांच्या बंधाऱ्यावर हे सहज घडते. प्रवाह कमी असताना पाणी प्रत्येक पायरीवर आदळून फुटते. एका मोठ्या उडीऐवजी ते अनेक लहान उड्या मारते व प्रत्येक उडीत थोडा जोर गमावते. प्रवाह वाढला की पायऱ्या पाण्याखाली जातात. वरचा प्रवाह त्यांच्या कडांवरून सरकत जातो आणि प्रत्येक पायरीच्या कोनाड्यात भोवरे फिरत राहतात. तेव्हा पायरीचा उपयोग पूर्वीइतका उरत नाही, पण गुळगुळीत उतारापेक्षा तो अधिकच असतो. खडबडीत दगडांचा उतार हेच काम कमी नेमकेपणाने करतो. कल्लणैची तुटक, ओबडधोबड पाठ नेमकी याच जातीची होती.

वेगवान उथळ प्रवाह एकाएकी उसळून संथ व खोल होतो, त्या उसळीला हायड्रॉलिक जंप म्हणतात. तिचा अभ्यास इटलीत बिदोने व फ्रान्समध्ये बेलांजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला होता. परंतु ही समीकरणे वापरून बंधाऱ्याची फरसबंदी आखण्याची पद्धत रूढ होण्यास पुढचे शतक उजाडावे लागले. कॉटन यांच्या हाती निरीक्षण, अनुभव व दगड एवढीच साधने होती.

कोल्लिडमवरील बंधारे

१८३५-३६ मध्ये कॉटन यांनी कोल्लिडमवर दोन बंधारे बांधले. वरचा बंधारा मुक्कोंबू येथे, जेथे नदीचे फाटे होतात तेथेच. खालचा बराच पुढे अणैकरै येथे, कोल्लिडममध्ये उरलेले पाणी पुन्हा शेतीकडे वळवण्यासाठी. वाळूत गोल विहिरी उतरवून त्या आतून भरायच्या व त्यांवर भिंत उभारायची, ही दक्षिणेतील कारागिरांची जुनी पद्धत त्यांनी पायासाठी वापरली. भिंतीच्या खालच्या अंगाला चुन्यातील दगडी फरसबंदी व तिच्याही पलीकडे सुट्या दगडांचा पट्टा होता. अभियंत्यांच्या भाषेत यालाच एप्रन म्हणतात. वाळू साचून राहू नये म्हणून बंधाऱ्यात तळाशी लहान दरवाजे ठेवले.

बंधाऱ्यामुळे तंजावरचे पाणी परत आले. परंतु या यशातूनच एक नवे संकट उभे राहिले. कोल्लिडमचे तोंड अडल्यावर कावेरीकडे इतके पाणी वळले की तिचे पात्र खोल खोल उकरले जाऊ लागले. वाळूने बुजणारी नदी आता खरवडली जात होती. तेव्हा १८४० नंतरच्या दशकात वरच्या बंधाऱ्याचा काही भाग ठेंगणा करावा लागला आणि कावेरीच्या मुखाशी पात्राच्या पातळीत एक आडवी भिंत गाडून तिचा तळ बांधून घ्यावा लागला. नदीचा एक भाग सावरला की दुसरीकडे ती हिशेब मागते, हा धडा सरकारी अहवालांत तपशीलवार नोंदला गेला. कॉटन यांच्या चरित्रकारांनी मात्र या दुरुस्तीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक त्यांच्या पुढच्या कामांतील सावधगिरी याच अनुभवातून आली असावी.

याच वर्षांत मद्रासजवळील रेड हिल्स येथून शहरात दगड वाहून आणण्यासाठी त्यांनी एक लहान लोहमार्ग बांधला. १८३७ मध्ये तो सुरू झाला. हिंदुस्थानातील पहिल्या लोहमार्गांत त्याची गणना होते. पुढे रेल्वेचे कट्टर टीकाकार म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाच्या नावावर हे काम असावे, ही गमतीची गोष्ट आहे.

प्रकृती बिघडल्यामुळे ते काही काळ टास्मानियात जाऊन राहिले. तेथे १८४१ मध्ये एलिझाबेथ लिअरमंथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांची कन्या एलिझाबेथ पुढे लेडी होप या नावाने परिचित झाली. वडिलांचे चरित्र तिनेच लिहिले; ते १९०० मध्ये प्रसिद्ध झाले.

दवळेश्वरमचा बंधारा

गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि महाराष्ट्र व तेलंगण ओलांडून, पापी कोंडलु डोंगरांतून बाहेर पडून राजमहेंद्रीपाशी सपाटीवर येते. तिचे पाणलोट क्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. राजमहेंद्रीच्या खाली दवळेश्वरम येथे ती फाटते व त्रिभुज प्रदेश सुरू होतो. १८४० च्या सुमारास हा प्रदेश दैन्यावस्थेत होता. १८३३ च्या दुष्काळाने गावे ओस पडली होती. १८३९ मध्ये कोरिंगा परिसराला चक्रीवादळाने व समुद्राच्या लाटेने झोडपले होते. नदी उशाशी वाहत असताना शेते पावसाच्या भरवशावर होती, आणि पूर आला की तीच शेते बुडत. लोकसंख्या व सरकारी महसूल दोन्ही घटत होते. कंपनी सरकारला जाग आली ती मुख्यतः महसुलामुळे, हे नमूद केले पाहिजे.

कॉटन यांनी १८४४ व १८४५ मध्ये अहवाल सादर केले. १८४६ मध्ये मंजुरी मिळाली आणि १८४७ मध्ये काम सुरू झाले. त्यांनी मागितले त्याच्या मानाने फारच थोडे अधिकारी व कारागीर त्यांना मिळाले. ते तंबूत राहून काम पाहत. जवळच्या टेकड्यांतून दगड काढून रुळांवरून काठापर्यंत आणि तेथून होड्यांतून पात्रात नेला जाई. हजारो मजूर कामावर होते. एतद्देशीय सहकाऱ्यांत वीणम वीरण्णा यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मजुरांची जमवाजमव व देखरेख यांत त्यांचा वाटा मोठा होता आणि पुढे सरकारने त्यांना रायबहादुर हा किताब दिला. १८४८ मध्ये कॉटन यांची प्रकृती पुन्हा ढासळली व त्यांना रजेवर जावे लागले. त्यांच्या अनुपस्थितीत कॅप्टन चार्ल्स ऑर यांनी काम पुढे नेले. १८५० मध्ये कॉटन परतले आणि १८५२ मध्ये बंधारा पूर्ण झाला.

दवळेश्वरम, रॅली, मद्दूर व विज्जेश्वरम असे या बंधाऱ्याचे चार भाग होते. मधली बेटे वगळून त्यांची एकूण लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर आणि उंची साधारण बारा फूट होती. उंची वाढवण्यात कॉटन यांना स्वारस्य नव्हते. पाणी साठवायचे नव्हते. फक्त त्याची पातळी कालव्यांच्या तोंडापर्यंत चढवायची होती. सारे बळ त्यांनी रुंदीवर खर्च केले. भिंतीच्या मागे दगडी पाठ हळूहळू उतरत जाई आणि तिच्या पुढे मोठमोठ्या सुट्या दगडांचा विस्तीर्ण थर नदीच्या तळावर पसरलेला असे.

या सुट्या दगडांतच रचनेचे मर्म होते. चुन्यात बांधलेली फरशी ताठ असते. तिच्याखालची वाळू निसटली की ती अधांतरी राहते व एक दिवस अचानक फुटते. सुटा दगड ताठ राहत नाही. खालची वाळू गेली की तो जागच्या जागी खाली बसतो आणि पडलेला खड्डा स्वतःच बुजवतो. पुरात काही दगड वाहून जातात, काही खचतात. पाणी ओसरल्यावर त्यांच्या जागी नवे टाकायचे. दुरुस्ती हा येथे रचनेचाच भाग होता. दर उन्हाळ्यात दगडांचा नवा पुरवठा झाला नाही तर असा बंधारा टिकत नाही. स्वस्तात बांधलेल्या बंधाऱ्याची ही खरी किंमत पुढील पिढ्यांनी वर्षानुवर्षे मोजली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्वांत मोठा पूर हाच बंधाऱ्याला सर्वांत धोकादायक असतो असे नाही. महापुरात खालच्या बाजूचे पाणीही इतके चढते की बंधारा जवळजवळ बुडून जातो व वरखालच्या पातळीतील फरक अल्प उरतो. पायथ्याला खरी कसोटी असते ती मध्यम प्रवाहात, जेव्हा माथ्यावरून पाणी भरपूर ओलांडत असते पण खाली ते झेलायला पुरेशी खोली नसते. म्हणून पूर चढताना आणि ओसरतानाचे दिवस दगडांच्या थरावर लक्ष ठेवण्याचे असत.

बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी त्रिभुज प्रदेशाचे रूप पालटले. हे कालवे सिंचनासाठी तसेच नौकानयनासाठी आखलेले होते. गोदावरीच्या एका फाट्यावरून कालवा नेणारा गन्नवरमचा ४९ कमानींचा जलसेतू कॉटन यांचे तरुण सहकारी हेग यांनी बांधला. आज गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात सुमारे दहा लाख एकर जमीन भिजते व आंध्र प्रदेशाचे भाताचे कोठार म्हणून तो ओळखला जातो. कृष्णेवर विजयवाडा येथे ऑर यांनी १८५२ ते १८५५ या काळात याच धर्तीचा बंधारा बांधला.

वर्धेपर्यंतच्या जलमार्गाचे स्वप्न

गोदावरीतून नावा वर चढवत प्राणहिता व वर्धा या नद्यांतून थेट वऱ्हाडच्या कापसापर्यंत पोहोचावे, अशी कॉटन यांची महत्त्वाकांक्षा होती. मार्गात खडकाळ धावत्यांचे तीन मोठे अडथळे होते. तेथे बंधारे, कालवे व नौकाकुलपे बांधून पाण्याची पातळी टप्प्याटप्प्याने चढवावी लागणार होती. हेग यांच्या देखरेखीखाली दुम्मगुडेम येथे कामही झाले. परंतु तोपर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे विदर्भात पोहोचली आणि कापूस पश्चिमेकडे वळला. १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. सिरोंचा व प्राणहितेच्या परिसराचा अर्वाचीन इतिहास लिहिताना हे प्रकरण सहसा विसरले जाते.

गंगा कालव्याचा वाद

१८६० मध्ये कॉटन यांनी हिंदुस्थानातील नोकरी सोडली. १८६१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच प्रोबी कॉटली यांनी बांधलेल्या गंगा कालव्यावरून त्यांचा कॉटली यांच्याशी जाहीर वाद झाला. १८५४ मध्ये सुरू झालेला हा कालवा त्या काळातील जगातील सर्वांत मोठ्या सिंचन कामांपैकी एक होता. हरिद्वारपाशी कालव्याचे मुख फार वर घेतले आहे व पात्राला फार उतार दिला आहे, असे कॉटन यांचे मुख्य आक्षेप होते.

कालव्याचा जादा उतार मोडण्यासाठी कॉटली यांनी जागोजागी धबधब्यांची बांधकामे केली होती. त्यांचा आकार गुळगुळीत दुहेरी वळणाचा होता. पाणी आदळू नये, ते अलगद घसरत खाली यावे, हा त्यामागचा हेतू. पाणी अलगद उतरले खरे. पण आदळले नाही म्हणूनच त्याचा जोरही कमी झाला नाही. सारा वेग घेऊन ते पायथ्याच्या मातीवर धावले आणि खालचा तळ व काठ उकरले गेले. कल्लणैच्या तुटक पाठीवर नेमके उलट घडत होते. कालव्यांवरील धबधब्यांच्या पुढील रचनांत पाण्याला सरळ खाली पाडून खोल कुंडात फोडण्याकडे किंवा दगडगोट्यांच्या खडबडीत उतारावरून नेण्याकडे अभियंत्यांचा कल झाला.

कालव्याचा उतार प्रमाणाबाहेर ठेवला गेला हे कॉटली यांनीही नाकारले नाही. मुखाच्या जागेबाबत मात्र सरकारी समितीने कॉटन यांचे म्हणणे स्वीकारले नाही. वादात कॉटन यांची भाषा अनेकदा कठोर झाली. आपल्या स्वतःच्या कोल्लिडमच्या कामातही पात्राची खरवड झाली होती, याची आठवण ठेवून ते बोलले असते तर त्यांच्या टीकेला अधिक वजन आले असते.

उत्तरायुष्य

रेल्वेवर खर्च होणारा पैसा कालव्यांवर व जलमार्गांवर खर्च व्हावा, दुष्काळ हटवण्याचा तोच मार्ग आहे, हे मत त्यांनी अखेरपर्यंत मांडले. यासाठी स्थापन झालेल्या खासगी कंपन्यांना त्यांचा पाठिंबा होता. त्यांपैकी कर्नूल–कडप्पा कालव्याची योजना आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरली व अखेर सरकारने ती विकत घेतली. महानदीवरील ओरिसातील योजनेचीही आर्थिक स्थिती अशीच झाली. दवळेश्वरमला जे जमले ते सर्वत्र जमेल असे त्यांना वाटत राहिले; परंतु प्रत्येक ठिकाणी त्रिभुज प्रदेशासारखी सपाट जमीन व बारमाही पाणी नव्हते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्यांनी आपली बाजू पुन्हा मांडली, पण धोरण बदलले नाही.

इंग्लंडमधील सरे परगण्यातील डॉर्किंग येथे त्यांचे उत्तरायुष्य गेले. तेथे ते शेतीचे प्रयोग करीत. उतारवयात त्यांनी अरबी भाषेचे एक प्राथमिक पुस्तकही लिहिले. ९६ वर्षांचे असताना डॉर्किंग येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बंधाऱ्यांचे पुढे काय झाले

कॉटन यांच्या हयातीच्या अखेरच्या वर्षांत वाळूतील बंधाऱ्यांविषयी एक नवी चिंता पुढे आली. १८९५ मध्ये चिनाब नदीवरील खानकी येथील व १८९८ मध्ये गंगेवरील नरोरा येथील बंधारा निकामी झाला. येथे दोष केवळ वरून पडणाऱ्या पाण्याचा नव्हता. फरशीच्या खालून झिरपणारे पाणी वाळू घेऊन बाहेर पडत होते. या घटनांतून सुरू झालेले संशोधन ब्लाय यांच्या सिद्धांतातून जाऊन १९३६ मध्ये अजुधियानाथ खोसला व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ग्रंथात परिपक्व झाले. वरचे पाणी शांत करणे आणि खालचे पाणी रोखणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यानंतर बंधाऱ्यांच्या आखणीत गृहीत धरले जाऊ लागले.

विजयवाड्याचा बंधारा १९५२ मध्ये फुटला. त्याच्या जागी बांधलेला प्रकाशम बराज १९५७ मध्ये पूर्ण झाला. दवळेश्वरमच्या बंधाऱ्याची उंची वेळोवेळी वाढवली गेली, त्यावर झडपा बसवल्या गेल्या आणि शंभराहून अधिक वर्षे त्याने सेवा दिली. १९७० च्या दशकात तेथे नव्या बराजचे काम सुरू होऊन ते १९८२ मध्ये पूर्ण झाले. मुक्कोंबूच्या बंधाऱ्यावर कालांतराने दरवाजे बसवण्यात आले होते. ऑगस्ट २०१८ मधील पुरात त्याचा नऊ दरवाजांचा भाग कोसळला आणि जवळच नवे बांधकाम हाती घ्यावे लागले. कल्लणै, नव्या भरीसह, अजून वापरात आहे.

स्मारके

दवळेश्वरमच्या नव्या बराजला सर आर्थर कॉटन यांचे नाव देण्यात आले आहे. तेथे त्यांच्या कार्याविषयीचे संग्रहालयही आहे. गोदावरी जिल्ह्यांतील अनेक गावांत त्यांचे पुतळे आढळतात. त्यांतील काही शेतकऱ्यांनी वर्गणी काढून उभारलेले आहेत. हैदराबादच्या टँक बंडवरील थोर पुरुषांच्या पुतळ्यांच्या रांगेतही त्यांचा पुतळा आहे. तेलुगू लोक त्यांना कॉटन दोरा, म्हणजे कॉटनसाहेब, या नावाने ओळखतात. गोदावरीत स्नान करताना संकल्पात त्यांचे स्मरण करण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. दरवर्षी १५ मे रोजी दवळेश्वरम येथे शेतकरी व पाटबंधारे खात्याचे कर्मचारी त्यांच्या पुतळ्याला हार घालतात.